कागदालाच बोलवा पूजेला

हॅलो?

हॅलो… कोण बोलतंय? … अगं मोठ्यानं बोल, काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये.

अनुराधा होय! हो, हो, मी वसुंधराच. बोल ना. … मागे काय वाजतंय गं एवढं? शंख फुंकतायत का? … शंख नाही? मग हे पीं पीं पीं काय लावलंय?

स्मोक अलार्म! हॉलमधला? अगं बाई… आगबिग लागली की काय? … नाही ना? नक्की नाही ना? … धूपच ना नुसता? … हुश्श. सणासुदीचं काळीज काढून हातात दिलंस माझ्या.

थांब, थांब, ऐक ना. आधी दम खा. सगळे कुठे आहात? … बाहेर. कार पार्कमध्ये. आणि पाऊस? … पडतोयच. आणि पायात? … अरे देवा, हो की, चपला आत दाराशी राहिल्या असणार. ऑगस्टातला ऑकलंडचा पाऊस, अंगावर पैठण्या आणि सगळे अनवाणी! शेजारचे गोरे लोक खिडकीतून बघत असतील, मराठी लोकांचा आज कसला उपास आहे म्हणून.

आणि गणपती? अगं, गणपती आत एकटा ठेवून पळालात का तुम्ही?

तुझ्या चंद्रहासनी उचलून आणला? बाहेर? … अगं पण प्राणप्रतिष्ठा झाली होती का? … नीट आठवून सांग. एकदा प्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नसते… नव्हती झाली? शपथ? मग ठीक. मग अजून तो नुसता पाहुणा आहे, कार पार्कमध्ये उभा राहिला तरी रागवायचा नाही. छत्री धरा पण डोक्यावर. शाडूचा आहे, नाहीतर आधी विसर्जन आणि मग प्रतिष्ठापना असं व्हायचं.

पण एवढा धूप केला कुणी? … चंद्रहासनी. काय केलं? … करवंट्या पेटवल्या! हॉलमध्ये! … हो, हो, मंडळाचे अध्यक्ष आहेत, यजमान आहेत, मला कळतंय, पण अगं, तू पाठवलेल्या पूजेच्या कागदात तर ‘थोडा धूप’ असं लिहिलंय ना? … ‘थोडा म्हणजे किती ते लिहिलं नव्हतं.’ असं म्हणाले? अगं काय बाई हा माणूस. उद्या ‘चवीपुरतं मीठ’ लिहिलं तर म्हणेल, कुणाच्या चवीपुरतं?

हे? … आहेत ना. इथेच आहेत. सोफ्यावर.

काय करतायत म्हणजे? बसलेत. पहाटे उठून आंघोळ केली, रेशमी सोवळं नेसले, कपाळाला गंध लावलं आणि फोनसमोर येऊन बसले. … कशाला म्हणजे? तुम्ही पूजा सांगायला बोलवाल म्हणून! नाश्ता झाला, फोन नाही. दुसरा चहा झाला, फोन नाही. मग म्हणाले, ‘फोन बिघडलाय का बघ गं.’ मी उचलून कानाला लावला, टोन येत होता. म्हटलं, ‘नाही हो, अगदी चांगला आहे.’ तोंड बघण्यासारखं झालं होतं.

थांब हं जरा.

अहो, अनुराधाचा फोन आहे. … नाही, तुम्हाला बोलवायला नाही केलेला. हॉलमध्ये अलार्म वाजतोय, सगळे पावसात उभे आहेत. दरवर्षी तुम्ही काय करायचात ते विचारतेय. … काय? … बरं, सांगते.

ऐकलंस? म्हणतायत, ‘कागदात बघा म्हणावं, अलार्म कितव्या पायरीवर आहे ते.’

अगं रागावू नकोस. ऐक ना… अगं मी पण हसतेच आहे. न हसून काय करू? तुला इकडचं रामायण कुठे माहितीय? जुलैत तू ती ईमेल पाठवलीस ना सगळ्या मंडळाला, ‘गणपती बसवा, सोप्या पायऱ्यांनी’? ह्यांनी प्रिंट काढली. लाल पेन घेतलं. चुका काढायला बसले. चहा नेऊन ठेवला तर तो तसाच गार. शेवटी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘चूक अशी काही नाही. पण हे असं लिहायचं नसतं.’ मी म्हटलं, का? तर म्हणे, ‘लिहिलं तर मला कोण विचारणार?’

… छे गं! इतकं खरं कुठे बोलायला. म्हणाले, ‘विद्या गुरुमुखातून यावी लागते.’ अर्थ तोच.

आणि मग चंद्रहासना फोन करून म्हणाले, ‘आता कागदालाच बोलवा पूजेला!’ ह्यांना वाटलं, चंद्रहास धावत येतील, पाया पडतील, ‘काशिनाथ गुरुजी, असं कसं?’ म्हणतील. आणि तुझा नवरा इतका सरळ माणूस, तो म्हणाला, ‘बरं.’

फोन ठेवल्यावर अर्धा तास ‘बरं’ म्हणजे काय यावर चर्चा चालली होती आमच्याकडे.

नाही, नाही, बोल, मोकळीच आहे मी. … बंब आला? अगं बाई! … एकच ना? … हो, हॉलचा अलार्म सरळ फायर स्टेशनलाच जोडलेला असतो, आपण फोन करायचीही गरज नाही, ते येतातच. … काय म्हणतायत? … हसतायत? मग काही नाही. … आत जाऊन बघतायत. … मोदक दिलेस? नैवेद्य दाखवायच्या आधी? … राहू दे, दे, दे. साक्षात अग्नीची माणसं दारात आलीत, त्यांचा मान पहिला. … ‘स्वीट ॲज’ म्हणाला? गोड आहे म्हणाला का ‘हरकत नाही’ म्हणाला, मोदकाला का अलार्मला? … मग झालं तर.

बंद केला का अलार्म? हां, थांबला गं आवाज. बरं वाटलं कानाला.

मग आता काय अडलंय? … अच्छा. … अच्छा. म्हणजे त्यांनी आत्तापुरता बंद केला. पुन्हा धूर झाला की पुन्हा वाजणार. आणि आरतीला कापूर… बरोबर आहे. धूप वगळाल, पण कापूर कसा वगळाल? … हॉलच्या केअरटेकरला सांगून आरतीपुरता तेवढा भाग बंद ठेवायचा असतो. बरोबर सांगतोय तो फायरमन. … ऑफिसला फोन लावलास? … रविवार. मशीन बोलतंय. ‘किया ओरा, तुमचा निरोप ठेवा.’ ठेवा निरोप, सोमवारी आरती!

अगं दरवर्षी कसा वाजत नव्हता, हे तुम्ही कुणी कधी विचारलंच नाही का? … विचारलं होतं? कुणी, चंद्रहासनी? मग हे काय म्हणाले? …

काय? परत सांग. …

‘मंत्रोच्चार शुद्ध असला की धूर सरळ वर जातो.’

अहो! तुम्ही असं सांगितलंत लोकांना? … अगं अनुराधा, आणि तुम्ही सगळे इंजिनिअर, सॉफ्टवेअरवाले, मोठ्या मोठ्या डिग्र्यांचे, तुम्ही ते ऐकून घेतलंत? धूर सरळ वर गेला तरच तर अलार्मला लागेल ना! अलार्म काय कार्पेटखाली असतो?

ट्रेव्हर! ट्रेव्हर नावाचा केअरटेकर आहे गं. हॉलसमोरच कुठेतरी राहतो, घर आणि नंबर ह्यांनाच माहीत. हे दरवर्षी चार दिवस आधी त्याला फोन करतात, तो सकाळी येऊन काहीतरी कळ फिरवून जातो आणि दुपारी परत येऊन चालू करतो. एवढंच. मला कसं माहीत म्हणजे? दरवर्षी त्याच्यासाठी बेसनाच्या लाडवांचा डबा कोण भरतं? मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल. अगं, दूर्वा तरी कुठून आणतात, माहितीय का तुम्हाला? इथे लॉनचं गवत ढीगभर, पण दूर्वा मिळेना म्हणून सगळे हैराण, आणि हे जुडीच्या जुडी घेऊन यायचे. ‘कुठून आणल्या गुरुजी?’ ‘मिळतात, शोधल्या की.’ बोलिंग क्लबच्या मागच्या कुंपणाशी. लिही. … हो, लिही खुशाल कागदात. मी सांगितलं म्हणून लिही.

अहो, डोळे काय वटारताय? गवत आहे ते, तुमची इस्टेट नाही.

अगं, मला राग कशाचा येतो सांगू? न सांगण्याचा नाही. काही काही माणसांना नसतंच सांगता येत. पण ह्यांची नोकरी काय आहे? ईस्ट टामाकीला त्या डब्यांच्या कारखान्यात हे काय करतात? प्रत्येक मशीनच्या पायऱ्या लिहितात! एक, बटण बंद करा. दोन, झाकण उघडा. तीन, हात आत घालू नका. चित्रं काढून, लॅमिनेट करून, मशीनला चिकटवतात. सामोआहून परवा आलेला माणूस पहिल्याच दिवशी ते बघून मशीन चालवतो. आणि घरी येऊन सांगतात, ‘आज मी अमक्याला तयार केला!’ केवढा आनंद असतो चेहऱ्यावर. सामोआच्या माणसाला सगळं सांगायचं, आणि आपल्या माणसाला विचारलं की गुरुमुख!

बरं, गुरू तरी कोण? सांगू? सांगतेच.

अहो, सांगणारच मी. बसा खाली.

ह्यांचा गुरू म्हणजे एक कॅसेट. … कॅसेट गं, टेपरेकॉर्डरची. इथे आलो त्या वर्षी माझ्या सासूबाईंनी पुण्याहून पाठवली होती. कोण गुरुजी होते देव जाणे, पण आवाज खणखणीत. ‘आता हातात पाणी घ्या. आता फूल वाहा. आता थांबा.’ पायऱ्या पायऱ्यांनी! हो! हेच तर. ह्यांनी ती गाडीत लावली. माउंट रॉस्किल ते ईस्ट टामाकी, रोज जाता-येता. साइड ए संपली की साइड बी, बी संपली की पुन्हा ए. सहा महिन्यांत काशिनाथचे गुरुजी झाले.

त्यात काही वाईट नाही गं. मला कौतुकच होतं. पण लोकांनी विचारलं, कुठे शिकलात, तर म्हणाले, ‘आमच्या घरातच आहे.’ घरातच होती, खरंय. ग्लव्ह बॉक्समध्ये.

हॅलो? … हो, हो, ऐकतेय. हस पोटभर. … काय म्हणालीस? ‘म्हणजे ते पाणी’? कुठलं पाणी? …

तुझ्या लक्षात आलं होय! शहाणी आहेस. थांब, मला वाचून दाखव ती पायरी. कागदात आहे ना? वाच. … ‘पंचामृत झालं, शुद्ध पाण्यानं आंघोळ झाली. आता गुरुजी थांबतात आणि पाणी पितात. सगळ्यांनी एक घोट प्यावा.’

अगं आई गं… थांब, पोटात दुखायला लागलं माझ्या.

अनुराधा, तिथे साइड ए संपते! … हो! गाडीत तिथे कॅसेट उलटायची असायची. हे पुढच्या सिग्नलला थांबायचे, कॅसेट उलटायचे, आणि तेवढ्यात बाटलीतलं पाणी प्यायचे. ती सवयच लागली. आता पाणी प्यायल्याशिवाय ह्यांना साइड बी आठवतच नाही! आचमन सुरुवातीलाच होऊन गेलेलं असतं गं, मध्येच हे कुठलं पाणी? देव बिचारा आंघोळ करून ओला उभा, वस्त्राची वाट बघतोय, आणि अख्खं ऑकलंड पाणी पितंय! गेल्या वर्षी तर बायका चांदीची फुलपात्रं घेऊन आल्या होत्या त्यासाठी. मी म्हटलं, आता बोलतील, मग बोलतील. नाही बोलले.

आणि लाल पेन घेऊन बसले होते ना, तेव्हा त्या पायरीशी पेन थांबलं होतं. मी बघत होते. थांबलं, ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पान उलटलं.

नाही, नाही, तू नको काढूस ती पायरी. … ऐक ना. आज तुम्ही ती गाळलीत तर लोक काय म्हणतील? गुरुजींची एक पायरी विसरली पोरगी, म्हणतील. काढायची तर ह्यांच्या तोंडून निघाली पाहिजे. …

कोण रडतंय? … ओवी? ओवी का रडतेय?

गेलं. बोलून गेले मी.

अहो… अहो, ऐका. नाही, लायब्ररीत नाही गेली. … हो, आपलीच ओवी. ऑकलंडात किती ओव्या आहेत? … हॉलवर आहे. सकाळी लायब्ररी म्हणून गेली ती तिकडेच गेली. … कारण पूजा ती सांगतेय. हो. कागदही तिचाच आहे. अनुराधानं फक्त मराठी सुधारलं आणि स्वतःच्या नावानं पाठवला. तुमच्याच लॅमिनेटरवर लॅमिनेट केलाय, हळद-कुंकू सांडलं तर पुसता यावं म्हणून. तुमचीच मुलगी आहे.

अनुराधा, थांब गं एक मिनिट, फोन ठेवू नकोस. … असू दे बॅटरी कमी, थांब.

काय विचारताय, का नाही सांगितलं? तुम्ही शिकवलंत का तिला? बालवाडीत असताना इथे आणली तिला. तेव्हापासून तुमचं ताम्हन कोण धरतंय? फुलं कोण निवडतंय? दोन वर्षांपूर्वी ती तुम्हाला म्हणाली होती, ‘बाबा, मला शिकवाल?’ तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? ‘तू स्वप्नंसुद्धा इंग्लिशमध्ये बघतेस, तुला काय जमणार.’ आणि हसलात. ती पण हसली. वर खोलीत जाऊन दार लावून घेतलं तिनं. मला फार वाईट वाटलं होतं हो त्या दिवशी. अजून वाटतं. मग ती बिचारी दर वर्षी तुमच्या शेजारी बसून नुसती बघत राहिली आणि घरी येऊन लिहीत राहिली. तुम्ही सांगितलं नाहीत, तिनं बघून घेतलं. म्हणून ते पाणीही आलं कागदात. तिला काय माहीत कुठला विधी आणि कुठला सिग्नल!

हां, अनुराधा, बोल. … काय म्हणतेय ती? … ‘आई, बाबा वॉज राइट, आय कान्ट डू धिस.’ … दे तिला फोन. … नको म्हणतेय? बरं, तिला सांग…

थांब. थांब थांब थांब. हे उठले.

अगं, उठले सोफ्यावरून. … मोबाइल काढला. मांडीखाली घेऊन बसले होते इतका वेळ! सोवळ्यात मोबाइल चालतो बरं का, सांगणं तेवढं चालत नाही. … फोन लावतायत कुणाला तरी. … ट्रेव्हरला! ‘किया ओरा ट्रेव्हर, काशी हिअर.’ … काशी म्हणतो तो ह्यांना. … माफी मागतायत. या वर्षी फोन करायला उशीर झाला म्हणतायत. उशीर! … ‘माय डॉटर इज इन चार्ज टुडे.’

अनुराधा, ऐकलंस का गं तू? … नाही, काही नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं.

निघाला तो. रस्ता ओलांडला की पोचला, किल्ल्या घेऊनच येतोय म्हणाला. … अजून काहीतरी सांगतायत हे, थांब. … स्वयंपाकघरातला मोठा पंखा लावा. … मागचं दार उघडं टाका. … चौरंग स्टेजच्या खाली मांडा, वर नको, वर छत जवळ येतं. बघ, बघ, स्वतःच एक-दोन-तीन आकडे घालून सांगतायत, मी काही बोलले नाही. सोमवारचा, कारखान्यातला माणूस आला बाहेर! … हो, लिहून घे. ओवीला दे लिहायला. सांग, बाबांनी सांगितलं म्हणून.

काय हो? … नाही. … नाही सांगणार.

म्हणतायत, ‘मी येईपर्यंत थांबा म्हणावं.’ थांबू नका. अजिबात थांबू नका. हार्बरच्या पुलापलीकडे यायचं, पार्किंग शोधायचं, तोवर मध्यान्ह टळून जायची, आणि हॉल दोनपर्यंतच आपला ना? पुढे ते टोंगन चर्चचे लोक गाण्याच्या तालमीला येणार. गणपती थांबेल एक वेळ, त्यांचे ड्रम्स नाही थांबायचे. बसा पूजेला.

अहो, गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. बसा तुम्ही. इथून ऐका.

अनुराधा, असं कर. तुला उजवा हात चंद्रहासच्या हाताला लावायचाय ना? मग डाव्या हातात मोबाइल धर, ओवीच्या बाजूला. … असू दे, एक काडी बॅटरी पुरेल. मी इथे स्पीकरचं बटण दाबते. …

हां. येतंय ऐकू. आला ट्रेव्हर? … फिरवली कळ? … लाडू? अगं या वर्षी लाडू नाही केले, त्याला मोदक दे. … बसली का ओवी? … कुठली साडी? … माझी निळी! विचारलंसुद्धा नाही कार्टीनं. छान दिसत असेल.

शू… सुरू झालं.

…

अहो, ऐकताय ना? … चांगलं म्हणतेय हो. ‘केशवाय नमः’… तुमच्यासारखीच लय आहे. ‘न’वर तुम्ही जसे रेंगाळता तश्शी. … हं, तिथे जरा अडखळली. … बोलू नका मध्ये. फोन आहे, ऐकू जाईल तिला. …

अनुराधा, ऐक, हळूच सांगते. ओठ हलतायत ह्यांचे. तिच्याबरोबर म्हणतायत. आवाज नाही, नुसते ओठ.

… प्राणप्रतिष्ठा. हात जोडा हो. … जोडलेले आहेत की. …

झाली. आला गं बाप्पा. आता नाही हलवायचा, सांग चंद्रहासना, बंब येवो की विमान येवो.

… दूध. … दही. … तूप. …

अहो. आता जवळ आलं. सांगायचं असेल तर ही शेवटची वेळ. अनुराधा ऐकतेय तिकडे. नुसतं एवढंच म्हणा, ‘तिथे पाणी नको.’ बाकी काही सांगायला नको, कॅसेट नको, सिग्नल नको. … मध. … तुम्ही म्हणालात तर आजपासून ती पायरी जाईल. नाही म्हणालात तर हा कागद हॅमिल्टनला गेलाय, वेलिंग्टनला गेलाय, क्राइस्टचर्चच्या विभावरीनं मागवलाय. पोरांची पोरं पाणी पितील, आणि विचारलं तर सांगतील, शास्त्रात आहे. … साखर. …

बोला हो. …

अहो…

… शुद्ध पाणी. …

थांबली.

ऐकू येतंय, अनुराधा? … हो, इथेही येतंय. फुलपात्रं वाजली सगळ्यांची. अख्खा हॉल पितोय. ट्रेव्हरसुद्धा? … घे, त्यालाही दिलं का! … नाही गं. नाही बोलले. एक घोट राखलाच हातचा.

थांब… काय करताय हो?

अगं, तांब्या उचलला ह्यांनी. टेबलावरचा. … प्यायले. हेही प्यायले गं. एक घोट. आणि डोळे मिटून बसलेत, पुढचं आठवतंय बहुतेक…

हॅलो? … अनुराधा? … हॅलो, ओवी? … हॅलो?

गेली बॅटरी.

अहो, उघडा डोळे. साइड ए संपली. ही घेतली किल्ली… गाडी मात्र मी चालवते, तुम्ही सोवळं आवरून बसा. नाही, तांब्या नको बरोबर. पोचलो वेळेत तर साइड बी मागच्या रांगेत बसून तिच्याकडून ऐकू.